वर्षावासातली जीप

परवा संध्याकाळी गावाकडच्या आमच्या वस्तीतून करुणाचा फोन आला. गावच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून ग्रंथवाचन सुरू झालंय, रोज सहाला बसतात, पाऊस बरा आहे, वाट मात्र नेहमीसारखी झालीय, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "बापूकाका, तुमी कवा येताव?" मी म्हणालो, येतो. कधी, ते सांगितलं नाही आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

फोन ठेवून मी मागच्या दाराला गेलो. पत्र्याखाली जीप उभी आहे. पुढच्या उजव्या टायरच्या खाचांत गेल्या वर्षीची काळी माती अजून आहे. वाळून तिचे खडे झालेत. गेल्या नऊ महिन्यांत मी त्या कोपऱ्यात झाडलोट केली, जीपवरची धूळ पुसली, पण ती माती काही काढली नाही. काढायची नाही असं ठरवलेलंही नाही.

काळ्या मातीविषयी बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. मे महिन्यात ती दगडासारखी असते आणि तिला पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. श्रावणात तीच माती चपलेला धरते. एका पावलाला एक थर, पुढच्या पावलाला त्यावर दुसरा. वीस पावलांत माणूस चार बोटं उंच होतो, मग चपला हातात घेऊन चालू लागतो. सायकलवाला सायकल खांद्यावर घेतो. पाथरीहून आमच्या गावाच्या फाट्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. फाट्यापासून गाव अडीच किलोमीटर, आणि ते अडीच किलोमीटर असे आहेत. पावसाळ्यात फाट्याच्या पुढं ना ॲटो जातो, ना काळी-पिवळी.

माझी थोरली बहीण, अक्का, नर्स होती. चौतीस वर्षं ती खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत राहिली. गावोगावची माणसं तिला सिस्टर म्हणत. भाऊजी फार लवकर गेले, मी लग्न केलं नाही, त्यामुळे ती निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं भावंडं पाथरीत एकत्र राहू लागलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. घरात पुस्तकं माझी, आवाज तिचा.

आमच्या वस्तीत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज बुद्धांच्या जीवनाचा ग्रंथ वाचतात. आषाढ पौर्णिमेला सुरू करतात, आश्विन पौर्णिमेला संपवतात. हा काळ मुद्दाम नेमल्यासारखा आहे, कारण वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी. आश्विन पौर्णिमा झाली की टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत दारांना कुलपं असतात. पावसाळ्यातच काय ती सगळी माणसं एका ठिकाणी सापडतात. अक्का नोकरीत असताना दरवर्षी दोन दिवस रजा टाकून गावी यायची. सुरुवातीचा एक दिवस आणि समाप्तीचा एक. पांढरी साडी, हातात खिरीसाठी दुधाची कॅन. मधले तीन महिने ती उपकेंद्रात. पावसाळा म्हणजे हगवणीचा, तापाचा, साप चावल्याचा काळ, आणि बाळंतपणांना तर काळच नसतो. त्यामुळे चौतीस वर्षं तिनं ग्रंथाची पहिली पानं ऐकली आणि शेवटची ऐकली. मधली कधीच नाही.

तिनं ग्रंथ वाचलेला होता. घरात प्रत होती. मी एकदा म्हणालोसुद्धा, की मी रोज वाचून दाखवतो, इथंच बसून ऐक. ती म्हणाली, घरात बसून ऐकायला ते काय औषधाच्या पुडीवरची सूचना आहे का. तिला ते आपल्या माणसांत, विहाराच्या त्या पत्र्याखाली बसून ऐकायचं होतं.

निवृत्तीनंतरही पाच पावसाळे कशा ना कशात गेले. मग तिची मूत्रपिंडं थकली. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीला डायलिसिस सुरू झालं. पुढं काय असतं, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. तिनं ते इतरांना इतक्या वेळा सांगितलं होतं. गेल्या वर्षी चैत्रात भाकरी खाताना ती एवढंच म्हणाली, "यंदा मधलं ऐकायचं, बापू. एक दिवस चुकवायचा न्हाई." दुसऱ्या आठवड्यात परभणीतल्या एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याची जुनी, चपट्या तोंडाची जीप आमच्या दारात होती.

तिला गाडी चालवता येत होती. ॲम्ब्युलन्सच्या एका ड्रायव्हरकडून ती कधीच शिकली होती. पण तिच्या डाव्या हाताच्या शिरेत डायलिसिससाठी जोडणी केलेली होती आणि त्या हातानं ओढाताण करायची नाही असं बजावलेलं होतं. गिअर डाव्या हाताचा. म्हणजे शिकायचं मी. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाथरीच्या बाहेरच्या मोकळ्या माळावर, शेजारी थोरली बहीण. "क्लच हाय तो, पुस्तकाचं पान न्हाई," ती म्हणायची. "एकदम उलटू नको." माळावरची माणसं शेळ्या थांबवून आमच्याकडे बघत.

गाडीला टायर आणि मडगार्ड नवे घ्यायचे होते, ते फेरोज मिस्त्रीकडे. फेरोजच्या दोन्ही मुली अक्काच्या हातावर जन्मलेल्या. त्यामुळे तो तिच्याशी हक्कानं भांडत असे. त्यानं तिला गॅरेजच्या सावलीत एका मोडक्या गाडीच्या सीटवर बसवलं आणि तीन प्रकारचे टायर भिंतीला टेकवून उभे केले. एक साधा, रस्त्याचा. दुसरा चांगला वीतभर रुंद, अंगावर मोठमोठे चौकोनी ठोकळे. तिसरा उंच आणि अंगानं बारीक, त्याला तिरके, लांबलांब दात. फेरोजचं मन दुसऱ्यावर होतं. तो त्यावर थाप मारून म्हणाला की सिस्टर, हा घातला तर गाडी जिथं उभी राहील तिथं पोरं फोटो काढायला येतील. अक्का म्हणाली की तिला फोटोला नाही, गावाला जायचंय.

मी माझ्या परीनं तयारी करून गेलो होतो. ग्रंथालयातून बाद झालेलं गाड्यांच्या दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक माझ्याकडे होतं. त्यातून आणि फोनवरून मी चार पानांची टिपणं काढली होती. रुंद टायर वजन पसरवतो, त्यामुळे गाडी चिखलावर तरंगते, असं मी तिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बैलगाडीचं चाक केवढं रुंद असतं? मी म्हणालो, असेल चार बोटं. मग बैलगाडी ह्याच मातीतून चालत आली की नाही इतकी वर्षं? बारीक चाक चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीवर जाऊन टेकतं, असं तिचं म्हणणं. आणि आणखी एक. रुंद टायरनं वाट रुंद होते. वाटेच्या दोन्ही अंगांना कापूस आणि सोयाबीन उभं. वाट वीतभर सरकली की कुणाच्या तरी पिकाचं एक तास, एक अख्खी ओळ, आडवं होणार. माझ्या चार पानांत ते कुठंच नव्हतं.

तरी तिनं नुसत्या बोलण्यावर भागवलं नाही. तिनं करुणाच्या नवऱ्याला, विकासला, निरोप धाडून त्या वाटेवरचीच दोन पोती माती मागवली. फेरोजच्या अंगणात मुरूम, त्यावर टायर फिरवून काय कळणार? विकासनं मोटारसायकलवर पोती आणली. माती अंगणात पसरली, पाणी मारलं, रात्रभर तशीच फुगू दिली. सकाळी अक्कानं वाकून भाकरीचं पीठ बघावं तशी ती अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाली, आता झाली. मग फेरोजनं आणि मी एकेक टायर त्यातून लोटत नेला. रुंद टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरल्या आणि तो गुळाच्या ढेपेसारखा गुळगुळीत झाला. साध्याचं तर विचारूच नका. बारीक टायर माती घ्यायचा आणि फिरता फिरता टाकून द्यायचा. मागं मातीच्या लांबट कांड्यांची ओळ पडत होती. अक्कानं फेरोजकडे बघितलं. फेरोज म्हणाला, बघितलं, बघितलं.

मडगार्डांवर फारशी चर्चा झालीच नाही. फेरोजनं फोनवर एक प्रकार दाखवला, नुसता वाकवलेला पाइप आणि त्यावर पत्र्याची पट्टी, चाक सगळं उघडं. अक्कानं जुन्या धाटणीचेच सांगितले, वरून सपाट, रुंद, मागं खाली उतरून चाक झाकणारे. झाकलेलं बरं, म्हणाली.

चूक तिथंच झाली. आम्ही तिघांनी टायर उघड्यावर फिरवून बघितला. त्याच्यावर पत्रा येणार आहे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आषाढ पौर्णिमेला वाट कोरडी होती. आम्ही थाटात गेलो, ग्रंथाची सुरुवात झाली, खीर झाली. वस्तीनं एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली होती. दरवर्षी आठला असणारं वाचन यंदा सहाला, म्हणजे सिस्टरला उजेडात परत जाता येईल. निंदणीवरून बाया साडेपाचला येतात, अंग धुऊन पांढरी साडी नेसतात आणि निघतात. अर्ध्या तासात हे सगळं त्यांनी कसं बसवलं, ते त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. फाट्यापासून तीनशे पावलांवर जीप थांबली. बारीक टायर आपलं काम चोख करत होता. माती उचलून टाकत होता, पण टाकत होता ती थेट मडगार्डाच्या पोटात. पत्रा आणि चाक यांच्या मध्ये माती अशी ठासून बसली की चाक फिरेना. क्लच जळाल्याचा वास सुटला. पुढं शेत असलेल्या नामदेवमामांनी बैलजोडी आणून आम्हाला उलटं ओढून डांबरीवर सोडलं. त्या दिवसाचं वाचन हुकलं. अक्काला पायी चालवत नव्हतं. परत येताना तीच म्हणाली, "एखादी कळ वाया जाती, बापू. म्हणून काय बाळ अडतं का?"

दुसऱ्या दिवशी फेरोजनं चारही मडगार्ड उतरवून ठेवले. म्हणाला, जाऊन बघा. आणि गाडी खरंच गेली. कुठं न थांबता, ओढ्याची चढण चढून, विहारापर्यंत. मी स्टिअरिंगला धरून स्वतःवर खूश होतो. शेतातल्या आखाड्यांवर राहणाऱ्या चार-पाच घरांतल्या बाया वाटेच्या कडेनं विहाराकडे निघालेल्या. आम्ही त्यांच्या जवळून पुढं गेलो, एवढंच मला कळलं. त्या आत आल्या तेव्हा दिसलं. पांढऱ्या साड्यांवर, चेहऱ्यावर, केसांत, सगळीकडे चिखलाचे शिंतोडे. गयामावशी, सगळ्यांत म्हाताऱ्या, अक्काच्या शेजारी टेकता टेकता म्हणाल्या, लय दिवसांनी ठिपक्याचं लुगडं नेसायला मिळालं सिस्टर. सगळ्या हसल्या. अक्का नाही हसली.

घरी आल्यावर तिनं सांगितलं की आज तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग तिनं तिच्या पहिल्या नेमणुकीची गोष्ट सांगितली. नवीकोरी पांढरी साडी नेसून ती एका बाळंतपणाला पायी निघालेली. मागून कुठल्याशा साहेबाची जीप आली आणि तिला नखशिखांत काळी करून गेली. त्याच अवतारात ती पोचली. बाळंतीण कळा देत होती, ती हिला बघून कळेत सुद्धा हसली. "ती हसली म्हणून बरं झालं," अक्का म्हणाली, "नसता मी रडले असते." चाळीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी आम्ही पुन्हा गॅरेजवर. अक्कानं मडगार्ड परत बसवायला सांगितले. फेरोज खरंच चिडला. पान्हा खाली ठेवून म्हणाला, "सिस्टर, आता एकच सांगा. पोचायचंय का न्हाई?"

"पोचायचंय," अक्का म्हणाली. "पण त्यांच्या अंगावरून न्हाई."

फेरोज चाकापाशी उकिडवा बसला. मग त्यानं मडगार्ड लोखंडी तुकड्यांवर चार बोटं उचलून बसवले, मागच्या बाजूचा पत्रा खालून कापला आणि तिथं ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर लोंबतं सोडलं. चिखल मागं उडणार नाही, आणि रबर वर करून आत हत्यार घालता येईल. म्हणजे साचणार, पण काढता येणार. सहा-सातशे पावलांवर एकदा थांबून चारही चाकं मोकळी करावी लागतील, असा त्याचा अंदाज. तो बरोबर निघाला. आम्ही साडेपाचऐवजी साडेचारला निघू लागलो.

त्या पावसाळ्याचं मला जे आठवतं ते बहुतेक या थांबण्यांमधलं आहे.

फाट्यापासून विहारापर्यंत चार वेळा थांबायचो. मी खाली उतरून गुडघ्यावर बसायचो आणि आतली माती ओढून काढायचो. सुरुवातीला स्वयंपाकघरातलं उलथणं नेलं, ते पहिल्याच दिवशी वाकलं. मग खुरपं, त्याची मूठ निघाली. शेवटी विकासनं घरातला एक झिजलेला कोयता दिला. ऊसतोडीचा कोयता पावसाळ्यात आढ्याला खोचून ठेवलेला असतो. त्याचं वाकडं टोक मडगार्डाच्या आत असं बसायचं की जणू त्यासाठीच घडवलंय. चिखल निघताना एक ओला, तोंडातून आवाज काढल्यासारखा आवाज येतो. आधी नुसती माती, मग तिच्यात अडकलेलं गवत, सोयाबीनचं एखादं पान, कधी गोगलगाय. अक्का वरून बघत असायची आणि गोगलगाय निघाली की बांधावर ठेव म्हणायची.

आणि पायी चाललेली माणसं आमच्या पुढं निघून जायची. चपला हातात, साडीचे घोळ वर खोचलेले, हळूहळू, पण न थांबता. गयामावशी रोज दुसऱ्या थांब्यापाशी आम्हाला मागं टाकत. जाता जाता विचारत, "सिस्टर, जागा धरून ठेवू का?" अक्का म्हणायची, धरा, खिडकीजवळची.

नामदेवमामांच्या बांधावर तिसरा थांबा. ते पंचांगातलं नक्षत्राचं वाहन सांगत. यंदा मघाचं वाहन बेडूक, म्हणजे पाऊस भरपूर. अक्कानं त्यांना गंभीरपणे विचारलं, मामा, बेडकाला मडगार्ड असतं का? मामांनी तितक्याच गंभीरपणे विचार करून सांगितलं की बेडकाला लागत नाही, तो चिखल उडवतो पण कुणाच्या वाटेत चालत नाही.

एकदा चाक मोकळं करता करता मी तिला वर्षावासाचं मूळ सांगितलं. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडू नये, एका जागी राहावं, कारण हिंडताना नवे कोंब पायाखाली येतात, लहान जीव तुडवले जातात. तिनं वाटेकडे बघितलं. आमच्या बारीक चाकांच्या दोन रेघा, त्यांच्या मध्ये गवत उभंच. म्हणाली, म्हणजे आपण नियम मोडायलोत की. मग स्वतःच उत्तर दिलं. आपण हिंडायलो न्हाईत बापू, रोज तिथंच जायलोत.

विहाराला पत्र्याचं छत. मोठी सर आली की वाचणाऱ्याचा आवाज बुडून जायचा. मग करुणा ओळीवर बोट ठेवून थांबायची आणि सगळे तसेच बसून राहायचे. कुणी चुळबुळ करत नसे. सर सरली की त्याच शब्दापासून पुढं. वाचायला दोघं-तिघं होते, मीही कधी कधी वाचत असे, पण अक्काला करुणाचं वाचन आवडायचं. करुणा बारावी झालेली, लग्नानंतर दर हंगामात विकासबरोबर कोयत्याला जाते. तिच्या तळहातांना घट्टे आहेत, त्यांनी ती पान फार हलक्या हातानं उलटते. तिचा सूर कुठं चढत नाही. मी वाचताना अर्थ कळावा म्हणून जोर देतो, ती देत नाही.

मधल्या पानांत फारसं काही घडत नाही. सुरुवातीला जन्म आहे, गृहत्याग आहे. शेवटी शेवट आहे. मध्ये माणसं येतात, प्रश्न विचारतात, काहींना पटतं, काही उठून जातात. कुणी आजारी पडतं, कुणी भांडतं, कुणी भिक्षा वाढतं. अक्का भिंतीला टेकून खुर्चीवर बसायची, सुजलेले पाय विटेवर ठेवून. मंगळवारी आणि शुक्रवारी ती परभणीहून आलेली, चेहरा राखेसारखा, तरी बसायची. परतीच्या वाटेवर ती त्या माणसांविषयी बोलायची, जणू ती तिच्या उपकेंद्रातल्या ओपीडीला येऊन गेली होती. तो आज आला होता ना, त्याला खरं तर विचारायचं काहीच नव्हतं बघ, नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं. असे लय असतात.

यंदा, मागच्या महिन्यात, परभणीचा एक तरुण जीप बघायला आला होता. सभ्य मुलगा. त्यानं फोनवर त्याच्या मनातलं चित्र दाखवलं. काळ्या फायबरचे फुगीर मडगार्ड, रुंद टायर, पुढं दिव्यांची पट्टी. चित्र खरोखर देखणं होतं. त्यानं आमच्या मडगार्डाखालचं ट्यूबचं रबर बोटानं हलवून विचारलं, काका, हे काय आहे? मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. जीप द्यायची की नाही ते कळवतो म्हणालो. अजून कळवलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या आश्विन पौर्णिमेला दहा दिवस राहिले होते. अक्काला धाप लागली आणि परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं. वस्तीनं वाचन थांबवलं. करुणाचा फोन आला की सिस्टर आल्यावर पुढचं वाचू. अक्कानं फोन मागून घेतला आणि तिला सांगितलं, थांबवू नका. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक लागणार होता. माणसं गेली की कुणापुढं वाचणार? त्यांनी वाचलं. पौर्णिमेला समाप्ती झाली. खिरीचा डबा विकासच्या हाती दवाखान्यात आला. अक्काला दूध बंद होतं, तिनं डबा उघडून नुसता वास घेतला.

मी घरची प्रत बरोबर नेली होती. राहिलेली पानं तिला वाचून दाखवावीत, रोज थोडी थोडी, असं माझ्या मनात होतं. मला ते अर्धवट राहिलेलं सोसत नव्हतं. तिनं पुस्तकावर हात ठेवला, उघडू दिलं नाही.

"शेवट राहू दे, बापू," ती म्हणाली. "शेवट मला पाठ हाय. चौतीस वर्षं तेच ऐकलं, अन् तेच बघितलं. मधलं राहिलं होतं. ते झालं."

थंडीच्या सुरुवातीला ती गेली.

ग्रंथालयात शेवटची पानं फाटलेलं पुस्तक लगेच परत यायचं. तक्रार व्हायची, वाचक माझ्या टेबलाशी उभा राहून हळहळायचा. मधली पानं गेलेली पुस्तकं मात्र वर्षानुवर्षं तशीच फिरत. चुकून कधी मोजताना माझ्या लक्षात यायचं की यात सोळा पानंच नाहीत. इतक्या जणांनी नेलं, वाचलं, परत केलं, कुणी बोललं नाही. तेव्हा मला वाचकांचं हसू यायचं. आता वाटतं, मीही तसाच वाचत आलो. अक्काच्या आयुष्याचा विचार करायला बसलो की मला तिचं बालपण आठवतं आणि दवाखान्यातले दिवस आठवतात. मधली चौतीस वर्षं मी तिच्याजवळ नव्हतो. तिथली एक चिखलानं माखलेली साडी, तीसुद्धा मला गेल्या आषाढात कळली.

फेरोज रविवारी येऊन टायरमध्ये हवा भरून देणार आहे. क्लचही बघतो म्हणाला.

गेल्या भाद्रपदातली एक संध्याकाळ. दिवसभर पाऊस. नामदेवमामांचा बांध मागं टाकून आम्ही ओढ्याच्या चढणीला लागलो आणि मागचं डावं चाक असं भरलं की कोयत्याचं टोकही आत जाईना. साडेपाच वाजून गेले. मी खटपट केली, सहा वाजले. विहार तिथून दिसत होता, निळा झेंडा, पत्रा, आत-बाहेर करणारी माणसं. मी म्हणालो, पळत जाऊन सांगतो की सुरू करा. अक्का म्हणाली, बस, त्यांना दिसतंय.

पाऊस उघडला. विहारातून माणसं निघाली आणि आमच्याकडे येऊ लागली, पंधरा-वीस जण, पांढऱ्या कपड्यांत, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. विकासच्या खांद्यावर दोर. सगळ्यांत मागं करुणा, छातीशी ग्रंथ धरून. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला आणि वरून खताच्या पिशवीचं प्लास्टिक. मी विचारलं, हा कशाला आणला? ती म्हणाली, सगळेच इकडं आलो, मग तिथं कुणापाशी ठेवू?

विकास दोर बांधायला वाकला. तेवढ्यात गयामावशींनी मागच्या मडगार्डाला हात टेकला, एक पाय रिमवर दिला आणि चढून वर ऐसपैस बसल्या. गुडघे दुखायलेत म्हणाल्या, आणि करुणाला म्हणाल्या की वाच गं आधी, गाडी कुठं पळून चालली. कुणी हसलं, मग कुणी बॉनेटवरचं पाणी पदरानं पुसलं. इंजिन अजून ऊबदार होतं. करुणानं फडकं उलगडून त्यावर ग्रंथ ठेवला. चिखलात उभ्यानंच त्रिसरण-पंचशील झालं आणि तिनं वाचायला सुरुवात केली. पत्र्यावर वाजणारा पाऊस नव्हता, त्यामुळे तिला एकदाही थांबावं लागलं नाही. बैल घेऊन आलेले नामदेवमामा बांधावरच थांबले, एका बैलाच्या मानेवर हात ठेवून. अक्का पुढच्या सीटवर, डावा हात मांडीवर जपून ठेवलेला, समोरच्या काचेतून करुणाच्या बोटाकडे बघत. ते बोट ओळीवरून सरकत होतं आणि अक्काचे डोळे त्याच्याबरोबर.

त्या दिवसाची आठ पानं संपली. करुणानं पानात फडक्याचं टोक घातलं. विकासनं दोर हातात घेतला आणि बाकीच्यांना जागा घ्यायला सांगितलं.

"थांब रे इकास," अक्का म्हणाली. "दिस हाय अजून. करुणा, पुढचं वाच."

करुणानं बोटं पदराला पुसली आणि पान उलटलं.